पडशी

प्रवासाला निघालेल्या माणसाचा स्वभाव ओळखायचा असेल, तर त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता सामानाकडे पाहावे, असे माझे मत आहे. एस.टी. स्टँडवर तासभर बसून पाहा. कोणी एकच पिशवी मांडीवर घेऊन तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसलेला असतो. कोणाचे सात नग असतात आणि तो दर पाच मिनिटांनी ते मोजत असतो. एखादी आजी आपले सारे सामान अनोळखी माणसावर सोपवून खुशाल पाणी प्यायला जाते. प्रत्येकाने घरून काय घेतले आणि काय मागे ठेवले, ते कशात बांधले आणि कुठे ठेवले, यातून त्याला जिवापाड काय आहे ते कळते. निदान कळायला हवे. माझ्या सामानाने माझ्याबद्दल जे दाखवून दिले ते मला फारसे आवडले नाही. त्याचीच ही गोष्ट.

माझ्यावर हा प्रसंग आला तो अभ्यासापायी. एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी 'जात्यावरच्या ओव्या' हा विषय घेतला. या विषयावर थोरामोठ्यांनी इतके काम करून ठेवले आहे की माझ्यासारखीने नव्याने काय करावे, हा प्रश्नच होता. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य गोळा करण्यात आयुष्य वेचले. १९८० नंतरच्या काळात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. मी आमच्या बाईंना विचारले, "मग माझ्यासाठी उरले काय?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या घरातल्या बायकांच्या ओव्या कुणी उतरवून घेतल्या आहेत का?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

माझे आजोळ आंबोली घाटाच्या पायथ्याशी, हमरस्ता सोडून बरेच आत आहे. तिथे आईची थोरली चुलती राहत होती. आम्ही सगळी तिला मोठी आज्जी म्हणत असू. वय ऐंशीच्या पुढचे. घरातले जाते केव्हाच पडवीत जाऊन बसले होते, पण ओव्या तिच्या ओठांवर होत्या. गावात एस.टी. दिवसातून दोनदा येते आणि तिला वाटले तर येते. तेव्हा कोल्हापुराहून आण्णांच्या मोटारसायकलवरून जायचे ठरले. मी बंडखोर वगैरे मुळीच नाही. घरात गाडी एकच आणि ती मला चालवता येते, एवढाच तो पराक्रम. ही गाडी स्प्लेंडर. टाकीवर अजून 'हीरो होंडा' अशी अक्षरे आहेत. त्या दोन कंपन्या २०११ मध्ये वेगळ्या झाल्या, आमची गाडी मात्र अद्याप एकसंध आहे!

गाडी मिळाली, पण सामान कशात न्यायचे? पाठीवर सॅक घेऊन जावे, असा माझा विचार होता. आण्णांनी तो पहिल्या वाक्यात मोडीत काढला. त्यांनी पंचवीस वर्षे गाडीच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून दूध वाहिले आहे, त्यामुळे ओझे या विषयात आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "पाठीवरचं ओझं पहिल्या तासाला कळत नाही, तिसऱ्या तासाला मान धरते. आणि पडलीस तर ते पाठीत घुसतं. ओझं गाडीला दे, तू मोकळी राहा."

मग आम्ही दुकानात गेलो. मोटारसायकलवरून लांबच्या सफरी करणाऱ्यांसाठी किती प्रकारच्या पिशव्या निघाल्या आहेत हे पाहून मी थक्क झाले. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या त्या सॅडलबॅग. पेट्रोलच्या टाकीवर बसते ती टँकबॅग. तिच्या पोटात लोहचुंबक असते, म्हणून ती लोखंडी टाकीला घट्ट चिकटते आणि प्लॅस्टिकच्या आवरणावरून मात्र घसरते. सीटच्या मागच्या भागावर आडवी बांधतात ती टेलबॅग. शिवाय ॲल्युमिनियमच्या चकचकीत पेट्याही होत्या. त्यांना कुलूप लागते, पाऊस लागत नाही आणि त्या दिसतातही रुबाबदार. मी त्यांच्यावरच भाळले होते. पण पेट्या, त्यांना धरणारी लोखंडी चौकट, असे सगळे मिळून दहा-पंधरा किलो सहज भरतात. आमची गाडीच मुळी एकशेदहा किलोच्या घरातली. आत एक रुमालही न ठेवता तिच्यावर एवढे ओझे चढवायचे म्हणजे जेवणापेक्षा भांडी जड! शिवाय गाडी आडवी झाली तर पेटी दबत नाही. पाय तिच्याखाली सापडला तर पायालाच दबावे लागते. कापडी पिशवी गाडीबरोबर पडते आणि गाडीबरोबर उठते. तिचा दोष इतकाच की तिला कुलूप म्हणावे असे काही नाही. सुरीच्या एका टोकाने तिचे सर्वस्व उघडे पडते.

दुकानदाराने मग कापडाचे गुणगान सुरू केले. हे सहाशे डेनियरचे, ते हजार डेनियरचे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. 'डेनियर' हे मला एखाद्या फ्रेंच कादंबरीतल्या पात्राचे नाव वाटले. घरी येऊन शोधले तेव्हा कळले की ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम भरते तितका त्याचा डेनियर. रेशमाचा एकेरी तंतू जेमतेम एक डेनियरचा असतो. म्हणजे हजार डेनियर हा चांगलाच दांडगा धागा झाला. असले कापड रस्त्यावर घासले तरी लवकर फाटत नाही. पण एक गोष्ट मला तेव्हा उमगली नाही, आणि तीच पुढे महागात पडली. धागा जाड असला की कापड टिकते. ते कोरडे राहते असे नाही. पाणी कापडातून येतच नाही, ते येते शिवणीतून आणि चेनमधून. सुईने पाडलेले प्रत्येक भोक म्हणजे पावसाला उघडे ठेवलेले दार.

मी सॅडलबॅगची एक स्वस्त जोडी घेतली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'वॉटरप्रूफ' असे छापले होते आणि वरून घालायला इलॅस्टिकचे पिवळे पावसाळी आवरणही होते. छापलेल्या अक्षरांवर विश्वास ठेवण्याची आम्हा वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना सवयच असते.

घरी आल्यावर आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती जोडी हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "अगं, ही तर पडशी!" खांद्यावर टाकायची, एक पोट पुढे आणि एक पोट मागे असलेली पिशवी ती पडशी. घोड्यावर टाकली की तीच खुर्जी, आणि बैलाच्या पाठीवर टाकली की गोणी. लमाणांचे तांडे घाटावरचे धान्य खाली कोकणात आणि कोकणचे मीठ वर घाटावर नेत, ते असेच, बैलांच्या दोन कुशींना समतोल गोणी घालून. दुकानदाराने मला अमेरिकेहून आलेली कल्पना म्हणून जी विकली, ती माझ्या पणजोबांच्या खांद्यावर होती! त्या दिवसापासून आमच्या घरात तिचे नाव पडशीच पडले.

पडशी भरण्याचा पहिला धडा आण्णांनी दिला. जड वस्तू तळाशी आणि चालवणाऱ्याच्या जवळ; हलक्या वस्तू वर आणि मागे. दोन्ही पोटांत सारखे वजन. "एक किटली भरलेली आणि एक रिकामी असली की गाडी सारखी एकीकडे ओढते. अर्धी भरलेली किटली तर त्याहून वाईट, आतलं दूध वळणावर उलटं जातं. ओझं जड असलं तरी चालतं, ते हलायला नको. हलणारं ओझं दुप्पट होतं." त्यांनी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दिल्या. बाजारात हुक असलेल्या इलॅस्टिक दोऱ्या मिळतात, पण ताणलेला हुक सुटला तर थेट डोळ्याकडे येतो. शेवटी त्यांनी प्रत्येक पट्ट्याचे लोंबणारे टोक गुंडाळून आत खोचले. ते टोक साखळीत किंवा चाकात गेले तर पुढचे सांगायला आपण उरत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पहिल्यांदा गेले. आपल्याकडच्या मोटारसायकलींना डाव्या बाजूला साडीगार्ड असते. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून अर्धे चाक झाकणारी योजना हवी, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. साडीसाठी लावलेली ही जाळी पडशीचे डावे पोटही चाकापासून अलगद दूर धरते. उजव्या बाजूला मात्र सायलेन्सर. उत्तूरच्या पुढे मला रबर जळल्यासारखा वास आला. मी तो आधी पुढच्या ट्रकवर ढकलला. थांबून पाहिले तर उजवी पिशवी खाली सरकून सायलेन्सरला टेकली होती आणि तिला रुपयाएवढे भोक पडले होते. आतला टॉवेल करपला होता, बाकी काही नाही. पुढे आजोळच्या लाल मातीच्या वाटेवर गाडी एकदा आडवी झाली, तेव्हा पिशवी खाली आली आणि माझा पाय वाचला. या दोन प्रसंगांनंतर आपल्याला सामानातले सगळे कळले, असा माझा समज झाला. अपघातातून वाचलेल्या माणसाला स्वतःच्या हुशारीबद्दल जितकी खात्री वाटते तितकी कोणालाच वाटत नाही.

मोठ्या आज्जीने त्या खेपेला ओव्या सांगितल्या नाहीत. घर दिवाळीच्या माणसांनी भरलेले होते. ती म्हणाली, "पावसात ये गो बाय. सगळी लावणीक गेली की मी एकटीच."

म्हणून मी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेले. तीन संध्याकाळी ती बोलत, गुणगुणत राहिली. बाहेर पाऊस, चुलीत ओली लाकडे, आणि ती रिकाम्या हाताने हवेतच जात्याचा खुंटा फिरवत असे. हात फिरल्याशिवाय तिला पुढची ओळ सुचत नसे. मोबाईल समोर धरला की ती गप्प. पहिल्याच संध्याकाळी मी ध्वनिमुद्रण सुरू केले तर म्हणाली, "तो मोबायल आधी बाजूक ठेव." मी ठेवला आणि वहीत लिहून घेऊ लागले. तीन दिवसांत चौसष्ट ओव्या झाल्या. सासरच्या, माहेरच्या, भावाच्या, आणि लहानपणीच गेलेल्या एका मुलीच्या. त्या मुलीविषयी माझ्या आईलाही ठाऊक नव्हते. एम.ए.ला प्रवेश मिळाला म्हणून आबांनी मला शाईचे पेन दिले होते. साऱ्या ओव्या मी त्या पेनाने, सुरेख अक्षरात उतरवल्या.

निघताना मी पडशी अगदी मन लावून भरली. चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी घेतलेली नवी ओढणी, कपडे, चार्जर, आईला दिलेली कोकमे, सगळे दोन-दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून आत ठेवले. वही मात्र बाहेरच्या कप्प्यात घातली. का? तर हाताशी असावी म्हणून! आंबोलीला चहा पिताना पुन्हा एकदा वाचायच्या होत्या ना!

आंबोलीचा पाऊस कुणाला सांगायला नको. वर्षाला ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे ते ठिकाण. घाटात वारा असा होता की गाडी वळणावर आपोआप आतल्या बाजूला सरकत होती. वर पोचले आणि पाहिले, तर डाव्या बाजूचे पिवळे आवरण जागेवर नव्हते. ते वाऱ्याने फुग्यासारखे फुगून केव्हा उडाले, देव जाणे. तेव्हाच पडशी सोडून आत घ्यायला हवी होती. पण कापडी पडशीचे पट्टे, बकले, ट्यूबच्या पट्ट्या हे सगळे ओल्या, गारठलेल्या बोटांनी सोडायचे आणि पुन्हा बांधायचे म्हणजे पंधरा मिनिटे. मला कंटाळा आला. 'हजार डेनियरचे कापड आहे, वॉटरप्रूफ आहे,' असे मनाशी म्हणत मी गाडी पावसात उभी केली आणि छपराखाली अर्धा तास चहा प्याले. वही वाचायची राहूनच गेली.

रात्री घरी आल्यावर प्रथम कपडे काढले. सगळे कोरडे. मी आईला अभिमानाने ओढणी दाखवली. मग बाहेरच्या कप्प्याची चेन उघडली. कप्प्यात ओंजळभर पाणी साचले होते आणि त्यात वही बसली होती. पाने निळी झाली होती. ओढणी कोरडी आणि ओव्या ओल्या!

आण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरात दोरी बांधली, शिवण उसवून वहीची पाने सुटी केली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी एकेक पान वाळत घातले. रात्रभर पंखा चालू होता. सकाळी आम्ही मोजले. तेवीस ओव्या पूर्ण वाचता येत होत्या. अकरांची एखादी ओळ उरली होती. तीस ओव्यांच्या जागी नुसते निळे डाग होते. त्या मुलीची ओवी त्या तिसांत होती. पडशी भिजली म्हणून मला पडसे झाले, असा विनोद मी दोन दिवस करत होते. तिसऱ्या दिवशी तो मलाच ऐकवेना.

आईने फोन लावून दिला. मोठी आज्जी हसली. म्हणाली, "परत ये, परत सांगान." इतके सोपे होते ते. पण पाऊस थांबू दे, गाडीचे काम करून घेऊ, प्रवेशाचे अर्ज भरू, गणपतीत जाऊच, असे म्हणता म्हणता दिवस गेले. गणपतीच्या आधी आठ दिवस मोठी आज्जी गेली.

आज माझ्यापाशी तिचा आवाज आहे तो फक्त चाळीस सेकंदांचा. त्यात ती मला मोबाईल बाजूला ठेवायला सांगते.

आईला आणि मावशीला मी त्या तीस ओव्यांविषयी विचारले. दोघींनी मिळून पाच आठवल्या, पण त्या त्यांच्या होत्या. शब्द निराळे, भाऊ निराळा, दुःखही निराळे. ओवी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेली की ती दुसरीची होते, हे मी पुस्तकात वाचले होते. त्याचा अर्थ तेव्हा कळला. बाईंना सगळे सांगितले. मला वाटले, रागावतील. त्या म्हणाल्या, "प्रकल्पात हेही लिही. किती मिळाल्या आणि किती गेल्या, दोन्ही लिही." मी लिहिले आहे.

त्या पावसाला मी दोष देत नाही. ज्याने 'वॉटरप्रूफ' असे छापले त्याच्यावर काही दिवस राग होता, तोही ओसरला. पडशीने मला फसवले नाही. मी तिला जे सांगितले तेच तिने केले. ओढणी जप म्हणून सांगितले, तिने ओढणी जपली.

आता मी दुसरी पिशवी घेतली आहे. ती जाड, प्लॅस्टिकचा लेप दिलेल्या ताडपत्रीची असून तिचे सांधे शिवलेले नाहीत, तापवून जोडलेले आहेत. तिला चेन नाही. तोंड तीन वेळा गुंडाळून बकल लावायचे. घेण्याआधी मी तिच्यात हवा भरून तोंड गुंडाळले आणि वर गुडघा टेकून पाहिले. हवा निघाली नाही, म्हणजे पाणीही जाणार नाही. तरी घरी कालचे वर्तमानपत्र आत घालून ती नळाखाली धरलीच. ती सीटवर आडवी बसते, सायलेन्सरपासून दूर, आणि मागचा दिवा झाकत नाही. पण खरे महत्त्व आहे ते तिच्याबरोबर घेतलेल्या एका लहान पिशवीला. ती गळ्यात अडकवता येते, आणि मी गाडीवरून उतरले की तीही उतरते. वही तिच्यात असते. शाईचे पेन घरी ठेवते. ओव्या आता शिसपेन्सिलीने लिहिते, कारण शिसे पाण्याने पसरत नाही. आणि दररोज रात्री वहीच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढते. एवढे सगळे जुलैतही करता आले असते. पिशवीला हजार रुपये लागले असतील, पेन्सिलीला पाच.

सामान भरायला बसले की मी आधी स्वतःला एक प्रश्न विचारते: यातले काय गेले तर ते पुन्हा कुठल्याच दुकानात मिळणार नाही? ते पहिल्यांदा, सर्वांत आत. बाकीचे भिजले तर वाळेल.

पुढच्या वर्षी आपल्या विभागातून कुणी ओव्या, कहाण्या, म्हणी गोळा करायला निघाले आणि त्यांच्यापाशी गाडी असली, तर ही नवी पिशवी विभागाच्या कपाटात ठेवून जाणार आहे, ती खुशाल न्यावी. जुनी पडशीही तिथेच असेल, सायलेन्सरच्या भोकासकट. तिच्या बाहेरच्या कप्प्यात हात घालून पाहा. अस्तराला निळा रंग लागला आहे. मी तो धुतलेला नाही.

परवा मी नव्या पिशवीसह निघाले तेव्हा आण्णा बाहेर आले. नेहमीप्रमाणे त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी धरून जोराने हलवून पाहिली. ती हलली नाही. मग पट्ट्यांची टोके चाचपली. आणि गाडी सुरू करताना त्यांनी एवढेच विचारले, "वही?"

मी गळ्यातल्या पिशवीवर हात ठेवला.